निरोगी माणसं शोधणारे गजभिये सर

गजभिये सरांना चहा कसा झाला हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की कप खाली ठेवून म्हणणार, "कोणाच्या मानानं?" मी एकदा चिडून म्हटलं, "सर, शेजारच्या नर्सबाईच्या मानानं सांगा." तर हा माणूस दुसऱ्या दिवशी खरंच शेजारच्या उपकेंद्रात जाऊन चहा पिऊन आला आणि मला सांगतो, "सिस्टर, तुमचा बरा आहे. पण तिनं साखर जास्त घातली होती, त्यामुळे नक्की काही म्हणता येत नाही." आता अशा माणसापुढं काय डोकं आपटावं!

मी तेव्हा मारेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. सर जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल कॉलेजात शिकवायचे. सुई टोचणारे, पोट दाबून पाहणारे डॉक्टर ते नव्हेत. रोग कुठून आला, याला झाला तर त्याला का नाही झाला, हे शोधायचं कसं, ते पोरांना शिकवायचे. त्यामुळे खेड्यात त्यांना कोणी डॉक्टर धरतच नसे. "हे डॉक्टर नुसते इचारते, गोळी देत नाही," असं बाया मला सांगायच्या. सरांच्या कानावर ते जायचं आणि ते शेंगा फोडत हसायचे. शर्टाच्या एका खिशात भुईमुगाच्या शेंगा आणि दुसऱ्या खिशात फोलपटं, अशी त्यांची व्यवस्था होती. फोलपट कधी कोणाच्या अंगणात पडू दिलं नाही.

दुसरी एक खोड. कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेर उभं राहून घरातल्या बाईला विचारायचे, "बसू का?" ती "बसा" म्हणेपर्यंत उभे. आणि बसायचे ते खालीच. खुर्ची आणली तर ती माझ्याकडे सरकवायचे. सर मूळचे आर्णीकडचे. एरवी बोलणं पुस्तकी, पण राग आला की वऱ्हाडी बाहेर पडायची. त्यावरून मला कळायचं की आज काहीतरी बिनसलं आहे.

आमचा त्यांचा पहिला परिचय एका लग्नात झाला. लग्न आमच्या हद्दीतल्या गावात. पंगत उठली आणि संध्याकाळपर्यंत अर्धं वऱ्हाड लोटे घेऊन पळायला लागलं. मी सलाइन लावून लावून थकले. वरपक्षाचे लोक आचाऱ्यावर चालून गेले. जिलबीत काहीतरी घातलं म्हणे. बिचारा आचारी सोयाबीनच्या पोत्यांमागं लपून बसला होता. त्यातच कॉलेजातून सर आले. मला वाटलं, आता हे आजाऱ्यांना विचारतील, काय काय खाल्लं. तर नाही. एका नजरेत आजारी पाहून घेतले आणि म्हणाले, "सिस्टर, ज्यांना काहीच झालं नाही ते कुठं आहेत?"

झाली का पंचाईत! धडधाकट पाहुणे पारावर पान खात बसले होते. सर त्यांच्यासमोर जाऊन मांडी घालून बसले आणि विचारायला लागले, जिलबी खाल्ली का, किती खाल्ली, पाणी कुठलं प्यायले. एक मिशाळ पाहुणा भडकला. "आमाले कायले धरून राह्यले सायेब? आमी तं काहीच केलं नाही!"

"म्हणूनच तुम्हाला विचारतो," सर म्हणाले. "तुम्ही काही केलं नाही आणि तुम्हाला काही झालं नाही. तुमच्याशिवाय माझं पानही हलणार नाही."

आणि निघालं काय? जिलबी सगळ्यांनीच हाणली होती, आजाऱ्यांनीही आणि या पानवाल्यांनीही. फरक एवढाच की आजारी सगळे मांडवामागच्या ड्रमातलं पाणी प्यायलेले आणि हे पाराजवळच्या हापशीवरचं. आचारी पोत्यामागून बाहेर आला आणि सरांच्या पाया पडायला लागला. सर इतके गोंधळले की तेच त्याच्या पाया पडले.

नंतर मारेगावला आम्हा नर्सबायांचं आणि आशाताईंचं प्रशिक्षण होतं, तिथं त्यांनी हेच समजावलं. अभ्यासाच्या तऱ्हा असतात म्हणे. एक फोटो काढल्यासारखा: आज गावात कोण आजारी, कोण नाही, एवढंच. एक मागं जाणारा: पडलेला माणूस आणि न पडलेला माणूस शेजारी बसवायचे आणि दोघांनाही मागचं विचारायचं, म्हणजे वेगळेपण दिसतं. एक पुढं चालणारा: आज सगळे ठीक आहेत, त्यांच्याबरोबर चालत राहायचं आणि कोण कधी पडतो ते पाहायचं. आणि एक असा की अर्ध्यांना आपणच काही द्यायचं, अर्ध्यांना नाही द्यायचं. आमची एक आशाताई मोठी चंट. म्हणते, "सर, याच्यातला सगळ्यात चांगला कोनता?" आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, "कोणाच्या मानानं?" सर लाजले. लग्नातल्या नवरदेवासारखे लाजले हो.

ते हसणं तिथंच संपलं असं आता वाटतं.

कापसाच्या त्या वाईट वर्षांतलं एक वर्ष. बोंडअळीनं सगळ्यांची झोप उडवली होती. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेलेली. फवारा मारणारा आत शिरला की दिसायचाच नाही, नुसता पंपाचा आवाज ऐकू यायचा. फवारा खाली मारायचा असतो, इथं तो वर मारावा लागे आणि सगळं तोंडावर परत येई. दोन-तीन तऱ्हेची विषं एकाच ड्रमात मिसळायची चाल पडली होती, वारं असो नसो. पोळा झाला आणि माणसं पडायला लागली. घामानं चिंब, तोंडातून लाळ, ओकाऱ्या, डोळ्यांपुढं अंधार. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणायचे. आमच्याकडं काय होतं? तोंड धुवायचं, कपडे उतरवायचे, एक इंजेक्शन द्यायचं आणि गाडी बोलवायची. जिल्ह्याच्या वॉर्डात खाटा कमी पडल्या.

मग एक मोठी बैठक झाली. मोठे मोठे साहेब आले. एका साहेबानं निकालच देऊन टाकला. मजुरांनी काळजी घेतली नाही, मास्क नाही, हातमोजे नाही, सगळा निष्काळजीपणा. मागच्या रांगेतून सर उठले.

"साहेब, जे पडले नाहीत त्यांनी मास्क घातला होता का?"

साहेब म्हणाले, त्यांचा इथं काय संबंध?

"त्यांचाच संबंध आहे. न पडलेलेही उघड्या तोंडानंच फवारत असतील, तर मास्क हे कारण पुरत नाही. मग ते मिसळलेलं विष असेल, उंच पऱ्हाटी असेल, नवा पंप असेल. विचारल्याशिवाय कसं समजन बाप्पा?" वऱ्हाडी निघाली तशी मी समजले, सर तापले आहेत.

साहेब हसले. म्हणाले, "शोधा मग. पुरावा आणा."

पुरावा आणायचा तर हा हंगाम संपायच्या आत आणायचा होता. नाहीतर 'निष्काळजीपणा' हाच शब्द कायमचा चिकटणार. पडणाऱ्यावरच दोष, आणि पुढच्या हंगामात तीच विषं, तेच ड्रम, तीच माणसं. सरांना दुसरं काही सुचेनासं झालं. मी म्हटलं, "सर, मग तो पुढं चालणारा अभ्यास करा नं. तो पक्का असतो म्हणता."

त्यांनी हातातली शेंग तशीच खिशात परत टाकली. मग म्हणाले, "सिस्टर, म्हणजे धडधाकट माणसं निवडायची, त्यांना फवारायला जाऊ द्यायचं, आणि कोण पडतो ते पाहत बांधावर, धुऱ्यावर उभं राहायचं? माझ्याच्यानं नाही होणार. मी मागंच जातो. जे व्हायचं ते होऊन गेलं आहे, त्यात तरी माझा हात नाही."

ठरलं. प्रत्येक पडलेल्या माणसामागं त्याच गावचा, त्याच वयाचा, त्याच दिवसांत फवारलेला पण न पडलेला माणूस शोधायचा. आजारी शोधणं सोपं, ते तर खाटेवर होते. निरोगी शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरं मला माहीत. आणि असं आम्हाला सापडलं परसराम राठोड नावाचं रत्न.

परसराम आमच्या उपकेंद्राखालच्या बंजारा तांड्यातला. आडदांड, आवाज असा की तांड्यात हाक मारली तर रस्त्यावरची एसटी थांबावी. त्याच्या शेजारचा माणूस पडला होता, तेव्हा त्याच्या जोडीला परसराम घेतला. सरांनी उंबऱ्याशी उभं राहून त्याच्या बायकोला, कमळाबाईला विचारलं, "बसू का?" कमळाबाईला हसू आवरेना. तिच्याकडे कोणी परवानगी मागितली असा तो बहुधा पहिलाच साहेब असावा.

पडलेल्यांचा एक गट, निरोग्यांचा एक, तुम्ही निरोगी गटात, असं सांगून सरांनी सगळं विचारलं. कोणती औषधं मिसळली, पंप कोणता, वारं कुठून होतं, अंगावर काय होतं. विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. परसरामनं छाती काढून उत्तरं दिली. कमळाबाई ड्रमात पाणी भरून द्यायची, काठीनं ढवळायची, ती मागं उभी राहून त्याच्या चुका दुरुस्त करत होती. शेवटी सर म्हणाले, "हे बघा भाऊ, माझे प्रश्न संपले. आता ऐका. वाऱ्यात फवारू नका. दोन औषधं एकत्र करू नका. खरं तर या पऱ्हाटीत जाऊच नका."

"मले काही होत नाही, सर. बाकीच्यायपेक्षा मी टनक हावो."

"आजवर झालं नाही, एवढंच मला ठाऊक आहे."

"तेच तं म्हनून राह्यलो!" परसराम म्हणाला. "तुमच्या निरोगी गटात टाका मले. पक्कं टाका."

सर पुन्हा सांगायला गेले. मीही सांगितलं. तो हो हो म्हणत राहिला, पण त्याला काय ऐकू आलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. बाजारात परसराम ज्याला त्याला सांगत होता, मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरनं मला तपासून पास केलं. निरोगी गट! शेतवाले इतर मजूर सोडून त्यालाच बोलवायला लागले. ज्या वावरात कोणी शिरायला तयार नव्हतं, तिथं परसराम. "सरायनं पाह्यलं ना त्याले, त्याले काही होत नाही," असं एक शेतवाला मलाच समजावून सांगत होता. मी त्याला असं झापलं की विचारू नका. पण झापून काय होतं!

सरांना सांगितलं तर ते तडक तांड्यावर आले. परसराम घरी नव्हता, फवाऱ्यावर गेला होता. सर वावरात गेले. मी धुऱ्यावर उभी. पऱ्हाटीतून पंपाचा आवाज येत होता आणि सर हाका मारत होते, "परसराम भाऊ! अरे बाहेर निघ बाप्पा!" परसराम बाहेर आला, कपडे भिजलेले, चेहरा चकचकीत. हसला. म्हणाला, "सर, तुम्ही निवडलेला मानूस हावो, काळजी करू नका." सरांनी त्याच्या पाठीवरचा पंप उतरवला. स्वतःच्या हातानं. त्यानं सरांचा मान राखला, घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

आठवडाही गेला नसेल, परसरामला आणलं. मीच गाडीत बसून त्याच्याबरोबर गेले. वाटेत त्याच्या घशातून नुसती घरघर येत होती. वॉर्डात सर धावत आले. त्यांच्या हाताखाली शिकणारा एक तरुण डॉक्टर होता, हुशार पोरगा, मनानं वाईट नाही. तो हळूच म्हणाला, "सर, काही अडचण नाही. पुस्तकाप्रमाणे निरोगी गटातला माणूस पुढं आजारी पडला तर तो आजारी गटातही घेता येतो. याच्यासाठी आपण नवा जोडीदार शोधू."

त्यानं चूक काय सांगितलं? पुस्तकात आहेच तसं. सरांनीच त्याला शिकवलं असणार. पण सरांचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, आता हा माणूस पोराच्या कानाखाली देतो. नाही दिली. भिंतीला हात टेकून उभे राहिले. म्हणाले, "मी धुऱ्यावर उभा राहणार नव्हतो रे. तरी उभाच राह्यलो की नाही?"

संध्याकाळी परसरामला थोडी शुद्ध आली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, त्याला नीट दिसत नव्हतं. सरांचा आवाज ओळखला.

"सर... मी त्याच गटात हावो न अजून?"

खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चहालासुद्धा उगाच चांगलं न म्हणणारा माणूस तो. त्यांनी परसरामचा ओला हात धरला आणि म्हणाले, "हो. त्याच गटात आहेस."

परसराम गेला. त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं, यंत्र चालू राहिलं आणि माणूस थांबला. कमळाबाई रडलीच नाही. वॉर्डाच्या जिन्यात बसून एकटक पाहत होती. याडी याडी, म्हणजे आई आई, करत तिची लेक तिला हलवत होती.

त्यानंतरचं मला आठवलं की आजही जीव तळमळतो. सरांना प्रत्येक पडलेल्यामागं निरोगी माणूस हवा होता आणि आता निरोगी माणूसच मिळेना. गोष्ट वाऱ्यासारखी पसरली: सर ज्याला निरोगी म्हणतात त्याला औषध लागतं. आमची जीप गावात शिरली की पारावरचे धडधाकट गडी उठून घरात जायचे. दार लोटून घ्यायचे. आजाऱ्यांची घरं मात्र सताड उघडी. ते सांगायला तयार, त्यांच्या बाया सांगायला तयार. सर हात जोडून बंद दारांपुढं उभे राहायचे. वणीकडच्या एका गावात एका दारामागून आवाज आला, "सर, मी बिमार हावो म्हनून लेहा. निरोगी नका लेहू." आणि तो चांगला पहिलवान गडी होता हो! मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

मी सुचवलं, जेवढे मिळाले तेवढ्यांवरून लिहून टाका. सर म्हणाले, "सिस्टर, नुसत्या पडलेल्यांची गोष्ट सांगितली तर साहेब म्हणतील, तुलना कुठं आहे? बरोबरच म्हणतील. मीच तसं शिकवतो." हंगाम संपला. अभ्यास अर्ध्यावर राहिला. पुढच्या बैठकीत साहेबांनी तोच शब्द वापरला, निष्काळजीपणा, आणि सर मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. कधी नव्हे ती त्या माणसाची मला चीड आली. ओरडा ना, म्हटलं, पुरावा नसला तरी ओरडा! पण ज्यानं जन्मभर पुरावा मागितला तो तसा कसा ओरडणार?

सरांची बदली लांब झाली. जायच्या आधी ते उपकेंद्रात आले. म्हणाले, "तांड्यावर येता का? मला एकट्याला जाववत नाही." गेलो. पुन्हा पऱ्हाटी वाढायला लागली होती. तांड्यातले पुरुष आम्हाला पाहून उठून गेले. तांड्याचा नायक तेवढा थांबला. हात जोडून म्हणाला, "सर, तुम्ही भले मानूस हा. पन आमच्या पोरायले काही इचारू नका."

"काही विचारायला आलो नाही," सर म्हणाले.

कमळाबाई दारात उभी होती. सर उंबऱ्याबाहेर थांबले. त्यांच्या तोंडून नेहमीचे शब्द निघेनात. तीच म्हणाली, "बसा, सर." सर खाली बसले. मग कमळाबाई म्हणाली, "तुमाले निरोगी मानसं भेटत नाही म्हनते. माह्यं नाव घ्या."

सर म्हणाले, "ताई, ते फवारणाऱ्या पुरुषांसाठी होतं. तुमचं नाव त्यात बसत नाही."

"काहून? पानी मीच भरत होती. औषध मीच ढवळत होती. हात माह्येबी त्यातच होते. मले कोनी इचारलंच नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच, कोणी विचारलं नव्हतं. ती तेव्हा मागं उभी राहून नवऱ्याच्या चुका दुरुस्त करत होती आणि आम्ही त्याचंच उत्तर घेत होतो. अभ्यास संपला होता, या उत्तरांचा आता कशालाही उपयोग नव्हता. तरी सरांनी तिला पहिल्यापासून सगळं विचारलं. कोणतं औषध, किती वेळ हात ओले, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं अंधारी येते का. एकही प्रश्न गाळला नाही. तीही एकेक आठवून सांगत गेली.

शेवटी तिनं विचारलं, "मंग मी निरोगी हावो का, सर?"

"मला माहीत नाही, ताई," सर म्हणाले. "खरंच माहीत नाही."

"मले उद्या पानी भराले बलावलं हाय. फवारा सुरू होऊन राह्यला."

"नका जाऊ," सर म्हणाले. "ऐका माझं. नका जाऊ."

कमळाबाई म्हणाली, "तुम्ही तं त्यायलेबी तेच सांगतलं होतं."

रागानं नाही म्हणाली, सहज म्हणाली. मग आत जाऊन तिनं चूल पेटवली. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. उपकेंद्रात लसीकरणाच्या बाया येऊन बसल्या असतील म्हणून मला निघणं भाग होतं. मी वळून पाहिलं तेव्हा सर तसेच उंबऱ्याशी बसलेले होते, आणि त्यांना उठा म्हणणारं तिथं कोणी नव्हतं.